अमेरिकी कॉलेजात खेळायला जादा वर्ष: कोर्टात काय टिकतं, काय टिकत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाने बारावीनंतर ऑगस्ट २०२१मध्ये पुण्यात बीकॉमला प्रवेश घेतला आणि पहिलं वर्ष पूर्ण केलं. ऑगस्ट २०२२मध्ये तो टेक्सासमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात टेनिसच्या स्कॉलरशिपवर गेला. तिथे दोन वर्षं खेळला, मग डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळातल्या सर्वांत वरच्या स्तराच्या विद्यापीठात दोन वर्षं. आता २०२६-२७साठी विद्यापीठ म्हणतं की एलिजिबिलिटी, म्हणजे खेळण्याची पात्रता, संपली. बातम्यांत मात्र फुटबॉलपटू कोर्टात जाऊन जादा वर्ष मिळवताना दिसतात. आपणही जावं का?

या हकिकतीवर माझा कल 'नाही'कडे आहे. केस पोकळ नाही, पण जे जिंकले त्यांच्यात आणि या मुलात काही मोठे फरक आहेत, आणि नेमके तेच बातमीत येत नाहीत.

पहिला फरक हिशेबाचा. 'एलिजिबिलिटी संपली' या वाक्यात दोन वेगळे नियम असतात आणि पालक ते हमखास एक समजतात. पहिला सीझनचा: एका खेळात चार सीझन. दुसरा घड्याळाचा: ते चार सीझन पाच कॅलेंडर वर्षांत संपवायचे. हे घड्याळ ज्या सत्रात विद्यार्थ्याने पहिल्यांदा कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ नाव घातलं, त्या सत्रापासून सुरू होतं. कॉलेज एनसीएएचं, म्हणजे अमेरिकी कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेचं, सदस्य असण्याची अट नाही, ते अमेरिकेत असण्याचीही नाही. अकरावी-बारावीचं आपलं ज्युनियर कॉलेज शाळेतच जमा होतं, पण एफवायबीकॉम हे कॉलेज. (अमेरिकेतलं ज्युनियर कॉलेज म्हणजे बारावीनंतरचं दोन वर्षांचं, खेळाच्या दुनियेत त्याला 'जूको' म्हणतात, इथून पुढे मीही तेच म्हणेन.) एकदा सुरू झालेलं घड्याळ शिक्षण सोडल्याने थांबत नाही, घरी परतल्याने नाही, दुखापतीने आपोआप तर नाहीच. लष्करी सेवा, चर्चचं मिशन, गरोदरपण असे मोजके अपवाद आहेत. २०२०-२१चा कोविड सीझन सगळ्यांना माफ झाला होता, पण हा मुलगा त्यानंतर आला, त्यामुळे त्याला त्याचा उपयोग नाही.

म्हणजे घड्याळ ऑगस्ट २०२१ ते ऑगस्ट २०२६, आणि सीझन दोन अधिक दोन, चार. दोन्ही नियमांनी वाट बंद. त्यातच पुण्याच्या त्या वर्षात तो कॉलेजतर्फे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरला असेल, तर तोही सीझन धरला जाऊ शकतो. डिव्हिजन टूमध्ये जावं म्हटलं तर तिथे पाच वर्षांऐवजी दहा पूर्णवेळ सेमिस्टरची मोजणी आहे: पुण्याची दोन, जूकोची चार, विद्यापीठाची चार. तीही भरली.

म्हणून पहिलं काम वकिलाचं नाही, ईमेलचं आहे. कम्प्लायन्स ऑफिसला, म्हणजे विद्यापीठात खेळाच्या नियमांचं पालन बघणाऱ्या कार्यालयाला, लेखी विचारा: कोणत्या नियमाखाली संपली? सीझन, घड्याळ की दोन्ही? कोणकोणतं वर्ष मोजलं आणि पहिल्या पूर्णवेळ नोंदणीची तारीख कोणती धरली? तोंडी उत्तरावर पुढे काहीच उभं राहत नाही. पुण्याच्या वर्षाबद्दल एनसीएएच्या पात्रता तपासणाऱ्या एलिजिबिलिटी सेंटरला सुरुवातीला काय कळवलं होतं तेही तपासा. काही एजंट 'भारतातलं कॉलेज दाखवू नका' असा सल्ला देतात. फॉर्ममध्ये ते लपवलेलं असेल तर ही केस तिथेच संपली असं समजा, कारण मनाई हुकूम मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात हा नियम तिकडेही आहे.

कोर्टाआधीची वाट माफीची, म्हणजे वेव्हरची. हा अर्ज विद्यार्थ्याला स्वतः करता येत नाही. विद्यापीठालाच एनसीएएच्या ऑनलाइन पद्धतीतून करावा लागतो. त्यामुळे विद्यापीठाचं मन वळवणं ही पहिली पायरी. दुखापतीची माफी हवी असेल तर हिशेब काटेकोर आहे: दुखापत सीझनच्या पहिल्या अर्ध्यात झालेली असावी, तिने उरलेला सीझन खरोखर संपवलेला असावा, आणि तोपर्यंत तीन सामने किंवा सीझनच्या ३० टक्के, यातलं जे जास्त तेवढंच खेळलेलं असावं. १२ सामन्यांच्या फुटबॉलमध्ये ३० टक्के म्हणजे ३.६, अपूर्णांक वर धरतात, म्हणून ४. पाचवा सामना दोन मिनिटं खेळला तरी अर्ज पडतो. ही माफी सीझन परत देते, घड्याळ वाढवत नाही. घड्याळ वाढवायचं तर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने एकाहून जास्त वर्षांची संधी हुकली हे दाखवावं लागतं. कोचने बाहेर बसवलं, हे त्यात बसत नाही.

हे अर्ज सर्वांत जास्त कागदांवर पडतात. वैद्यकीय कागद त्या वेळचे लागतात: तपासणीच्या दिवसाची नोंद, एमआरआयचा अहवाल, 'खेळू नये' असा त्या आठवड्यातला लेखी सल्ला. चार वर्षांनी ओळखीच्या डॉक्टरांकडून आणलेल्या दाखल्याला कोणी विचारत नाही. सुट्टीत पुण्या-मुंबईत उपचार झाले असतील तर केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि बिलं तारखेनिशी जमवा. आपल्या प्रश्नातल्या मुलाला मोठी दुखापत झालेली दिसत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी ही वाट अरुंदच. तरीही अर्ज करवून घ्या. नकाराचा कागद हातात नसेल तर 'आधी मागितलंच नाही' हा एनसीएएचा पहिला आक्षेप ठरलेला.

आता कोर्ट. आपल्याकडे विद्यापीठाने परीक्षेला बसू दिलं नाही की हायकोर्टात कलम २२६खाली रिट, ही सवय मनातून काढावी लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८मध्ये टार्केनियन प्रकरणात सांगितलं की एनसीएए ही खाजगी संघटना आहे, सरकार नाही. म्हणजे घटनेतल्या हक्कांचा आधार तिच्याविरुद्ध मिळत नाही. 'माझ्यावर अन्याय झाला' एवढ्याने दार उघडत नाही. उरतात दोन रस्ते: मक्तेदारीविरोधी कायदा, म्हणजे १८९०चा शर्मन कायदा, कलम १, आणि राज्याचा करार कायदा.

शर्मन कायद्याचा रस्ता हल्लीच रुंद झाला. तिसऱ्या सर्किटच्या (फेडरल अपील कोर्टांच्या विभागांना सर्किट म्हणतात) अपील कोर्टाने १९९८मध्ये व्हॉलीबॉलपटू रेने स्मिथच्या प्रकरणात म्हटलं होतं की पात्रतेचे नियम व्यापारी स्वरूपाचे नाहीत, त्यामुळे हा कायदा त्यांना लागूच नाही. बरीच वर्षं खेळाडूंचे दावे याच दगडावर आपटत होते. मग २०२१मध्ये ऑल्स्टन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी शिक्षणाशी निगडित लाभांवरची एनसीएएची मर्यादा बेकायदा ठरवली, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर नि प्रतिमेवर पैसे कमावता येऊ लागले. याला एनआयएल म्हणतात. ६ जून २०२५ला हाऊस प्रकरणातली तडजोड मंजूर झाली आणि विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली. २०२५-२६साठी प्रत्येक विद्यापीठाची कमाल २.०५ कोटी डॉलर. खेळण्याच्या वर्षाला एवढी किंमत आल्यावर 'यात व्यापार नाही' हे म्हणणं एनसीएएला जड जाऊ लागलं.

ही संधी पहिल्यांदा ठळकपणे साधली डिएगो पाव्हियाने. अमेरिकी फुटबॉलमधला हा क्वार्टरबॅक आधी न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या जूकोत खेळला, मग न्यू मेक्सिको स्टेट, मग व्हँडरबिल्ट. त्याचं म्हणणं: जूको एनसीएएचं सदस्य नाही, तिथे ना तेवढा पैसा ना तेवढी प्रसिद्धी, मग तिथला सीझन माझ्या चारातून का वजा करता? या नियमामुळे हुशार खेळाडू जूको टाळतात, आणि त्याचा फायदा एनसीएएच्याच विद्यापीठांना होतो. नॅशव्हिलच्या फेडरल कोर्टाने १८ डिसेंबर २०२४ला त्याच्या बाजूने अंतरिम मनाई हुकूम दिला. पाचच दिवसांत एनसीएएने त्याच्यासारख्या सगळ्या जूको खेळाडूंना २०२५-२६पुरती सरसकट माफी जाहीर केली.

ती माफी नीट वाचायला हवी. ती फक्त २०२५-२६साठी होती. ती बिगर-एनसीएए कॉलेजातल्या सीझनपुरती होती, म्हणजे डिव्हिजन टूहून आलेले तिच्यात नव्हते. आणि 'इतर सर्व अटी पूर्ण असाव्यात' असं त्यात स्पष्ट होतं, पाच वर्षांच्या घड्याळासकट. पाव्हियाच्या घड्याळात कोविडमुळे जागा शिल्लक होती. या मुलाच्या नाही. पाव्हियाचं नाव घेऊन येणाऱ्या दहातल्या बऱ्याच पालकांची गोष्ट इथेच वेगळी पडते.

त्यानंतर दाव्यांची रांग लागली आणि निकाल विखुरले. रटगर्स विद्यापीठाचा फुटबॉलपटू जेट एलाड ओहायो, मग कॅन्ससमधलं गार्डन सिटी कम्युनिटी कॉलेज, मग यूएनएलव्ही (लास व्हेगासचं विद्यापीठ) असा फिरून आलेला. त्याला एप्रिल २०२५मध्ये न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टाने मनाई हुकूम दिला. जॉर्जिया विद्यापीठाचा बेसबॉलपटू डिलन गोल्डस्टीन दोन वर्षं जूकोत खेळून आलेला, वस्तुस्थिती पाव्हियाशी खूपशी जुळणारी. फेब्रुवारी २०२५मध्ये त्याला नकार. टेनेसीचा बास्केटबॉलपटू झकाई झीगलर चार वर्षांत चार सीझन खेळला होता आणि पाचवा मागत होता. एका वर्षाची किंमत त्याच्या दाव्यात २० ते ४० लाख डॉलर सांगितली होती. जून २०२५मध्ये त्यालाही नकार. म्हणजे पाव्हिया जिथे जिंकला त्याच राज्यातल्या दुसऱ्या फेडरल कोर्टात.

सगळ्यांत वाचण्यासारखं प्रकरण नायझिर फोरक्युरनचं. हा विस्कॉन्सिन विद्यापीठाचा फुटबॉलपटू, पहिली दोन वर्षं डिव्हिजन टूच्या ग्रँड व्हॅली स्टेटला. वडील वारल्याच्या काळातला एक सीझन माफ करावा हा त्याचा अर्ज एनसीएएने फेटाळला. फेब्रुवारी २०२५मध्ये जिल्हा कोर्टाने त्याला हुकूम दिला. जुलैत, सीझन तोंडावर असताना, सातव्या सर्किटने दोन विरुद्ध एक मतांनी तो उलटवला. सहानुभूती सगळ्यांना होती. कमी पडला तो बाजारपेठेचा पुरावा. अपील कोर्टाचं म्हणणं असं की नियमामुळे एक खेळाडू बाहेर गेला, तर त्याच्या जागी दुसरा आला. जागा तेवढ्याच राहिल्या. मग स्पर्धेला धक्का कुठे बसला? बाजारपेठ कोणती, तिच्यात एनसीएएची ताकद किती, आणि या एका नियमामुळे त्या बाजारातल्या किमती किंवा दर्जा कसा बिघडतो, हे दाव्यात आकड्यांनिशी मांडलेलं नव्हतं. पाव्हियाच्या अपिलात सहाव्या सर्किटने या प्रश्नाला हातच घातला नाही. १ ऑक्टोबर २०२५ला माफीमुळे वाद उरलाच नाही म्हणून अपील निकाली काढलं. त्यामुळे 'पाव्हिया जिंकला' हे वाक्य खरं असलं तरी वरच्या कोर्टाने त्याचा मुद्दा मान्य केला, असा अर्थ त्यातून काढू नका.

यातून वकिलाला विचारायचा प्रश्न निघतो. 'माझ्या मुलाची केस किती दुःखद आहे' हा तो प्रश्न नाही. 'अर्थतज्ज्ञाचं प्रतिज्ञापत्र कोण देणार आणि त्यात बाजारपेठ काय दाखवणार' हा आहे. फुटबॉल-बास्केटबॉलमध्ये निदान पैशाचे आकडे असतात. डिव्हिजन वन पुरुष टेनिसमध्ये खेळाडूंच्या सेवेसाठी विद्यापीठं पैशांची चढाओढ करतात हे दाखवणं फार अवघड. शिवाय हाऊसच्या तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठात टेनिसच्या संघात १० जणच राहू शकतात. तुमचा मुलगा अकराव्या जागेवर येत नाही, तो कुणाची तरी जागा घेतो, आणि लोकहिताच्या निकषावर एनसीएएचा वकील हेच बोट दाखवणार: बारावीहून येणाऱ्या मुलाचं काय?

मनाई हुकमाचे निकष चार आहेत: दावा जिंकण्याची शक्यता, भरून न येणारं नुकसान, दोन्ही बाजूंच्या त्रासाचं पारडं, आणि लोकहित. यातल्या दुसऱ्यावर सगळ्यांत जास्त डोकं लावावं लागतं, कारण इथे दाव्याचे दोन पाय एकमेकांत अडकतात. शर्मन कायद्याखाली यायचं तर 'हा पैशाचा व्यवहार आहे' असं ठासून सांगावं लागतं. पण नुकसान पैशाचंच असेल तर कोर्ट म्हणतं, खटला जिंकलात की भरपाई घ्या, त्या कायद्यात तिप्पट भरपाई आहेच. आज हुकूम कशाला? म्हणून प्रतिज्ञापत्रात पैसा आणि पैशात न मोजता येणारं, दोन्ही वेगवेगळं मांडावं लागतं: शेवटचा सीझन पुन्हा येत नाही, व्यावसायिक स्तरावर निवड होण्याची खिडकी बंद होते, संघाबरोबरचा सराव आणि तिथला दर्जा भरपाईने परत मिळत नाही. टेनिसमध्ये हाही मुद्दा दुबळा पडतो. व्यावसायिक स्पर्धा कॉलेजबाहेरही खुल्या असतात. फुटबॉलपटूला तसा पर्याय नसतो.

भारतीय विद्यार्थ्यासाठी इथे आणखी एक खड्डा आहे आणि अमेरिकी वकिलालाही तो नेहमी दिसतोच असं नाही. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. अमेरिकेत राहून जाहिरात करणं, शिबिरं घेणं, सह्यांच्या कार्यक्रमाला जाऊन पैसे घेणं हे अनधिकृत रोजगारात धरलं जाण्याचा धोका आहे. मग प्रतिज्ञापत्रात 'माझं अमुक हजार डॉलरचं एनआयएल उत्पन्न बुडेल' असं लिहिलं तर समोरचा वकील विचारणार, हे उत्पन्न तुम्ही कायदेशीरपणे कसं कमावणार होता? आणि आधी कमावलेलं असल्याचं त्यातून दिसलं तर प्रश्न टेनिसपुरता राहत नाही. सहीआधी ते प्रतिज्ञापत्र इमिग्रेशन वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा रस्ता राज्याच्या कोर्टाचा. कोलोरॅडोच्या अपील कोर्टाने २००४मध्ये स्कीपटू जेरेमी ब्लूमच्या प्रकरणात मानलं की एनसीएए आणि विद्यापीठ यांच्यातल्या कराराचा फायदा खेळाडूसाठीही आहे, त्यामुळे तो दाद मागू शकतो. ब्लूम स्वतः मात्र हरला. या आधारावर 'माफीचा अर्ज मनमानीने फेटाळला, सद्भावनेने वागले नाहीत' असा दावा राज्याच्या कोर्टात लावता येतो. यात एक तांत्रिक सोय आहे. एनसीएए ही कंपनी नाही, सदस्यांची नोंदणी नसलेली संघटना आहे, आणि अशा संघटनेचं नागरिकत्व तिच्या प्रत्येक सदस्याच्या राज्याचं धरतात. त्यामुळे 'पक्षकार वेगळ्या राज्यांचे आहेत' म्हणून केस फेडरल कोर्टात ओढून नेणं तिला सहसा जमत नाही, दाव्यात फेडरल कायद्याचा उल्लेख नसेल तर. २०२६च्या सुरुवातीला ही वाट एकदम गर्दीची झाली. ओल मिसच्या (मिसिसिपी विद्यापीठाच्या) फुटबॉलपटू ट्रिनिडाड चॅम्ब्लिसला, ज्याची माफी वैद्यकीय कागद अपुरे म्हणून नाकारली होती, फेब्रुवारीत मिसिसिपीच्या राज्य कोर्टाने जादा वर्ष दिलं. त्याच महिन्यात अलाबामात बास्केटबॉलपटू चार्ल्स बेडियाकोचं उलट झालं: तात्पुरत्या आदेशावर तो काही सामने खेळला, मग अंतरिम हुकूम नाकारला गेला आणि त्याचा सीझन तिथेच थांबला.

स्थानिक न्यायाधीश घरच्या संघाकडे झुकतात अशी टीका या निकालांवर होते. ती पूर्ण चुकीची आहे असं मला वाटत नाही, पण त्या भरवशावर पैसे घालू नका. अशा कोर्टातही जिंकलेल्यांकडे माफीचा एक ठोस अर्ज आणि तो चुकीच्या पद्धतीने हाताळल्याचा कागदी पुरावा होता. 'मला आणखी खेळायचं आहे' हा करारभंग नव्हे.

आता हुकूम मिळालाच असं धरू. तरीही मुलगा मैदानात उतरेलच असं नाही, आणि कारण आहे रेस्टिट्यूशनचा नियम. खेळाडू कोर्टाच्या हुकमावर खेळला आणि पुढे तो हुकूम उलटला, तर एनसीएए त्या काळातले विजय आणि विक्रम पुसू शकते, स्पर्धेतून मिळालेला पैसा परत मागू शकते, विद्यापीठाला दंड करू शकते. शिक्षा संघाला होते, म्हणून कोच आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टर हात आखडतात. यासाठी मागणीत दोन वेगळी कलमं हवीत: एक, पात्रतेचा नियम या खेळाडूला लावू नये, दोन, हुकमाचं पालन केल्याबद्दल विद्यापीठावर किंवा खेळाडूवर रेस्टिट्यूशनची कारवाई करू नये. दुसरं कलम राहिलं की पहिलं कागदावरच राहतं. दाव्याआधीच विद्यापीठाकडून लेखी घ्या की हुकूम मिळाल्यास संघात जागा आहे, स्कॉलरशिप आहे आणि त्याला खेळवतील. असं पत्र नसेल तर न्यायाधीश विचारतो, मी हुकूम देऊन उपयोग काय?

वेळेचं गणित उलटं मोजायचं. पहिला सामना ज्या दिवशी, त्याच्या निदान तीन महिने आधी दावा दाखल हवा. एकतर्फी तात्पुरता आदेश फेडरल कोर्टात १४ दिवसांचा, कारण दाखवून आणखी तेवढाच. त्यावर सीझन निघत नाही. अंतरिम अर्जाच्या सुनावणीला काही आठवडे लागतात. आणि उशीर स्वतःच पुरावा बनतो: नियम दोन वर्षं माहीत होता, नकार मार्चमध्ये आला आणि दावा ऑगस्टच्या शेवटी लावला, तर 'भरून न येणारं नुकसान' म्हणणाऱ्याला कोर्ट विचारतं की मग एवढे दिवस काय करत होता. हुकमाविरुद्ध एनसीएए लगेच अपिलात जाते. फोरक्युरनचा निकाल पाच महिन्यांत फिरला हे लक्षात ठेवा. हुकूम मिळाला म्हणून घरभाडं, ट्यूशन फी, ट्रान्सफर सगळं त्यावर टेकवू नये.

जोडायच्या कागदांत प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट, प्रत्येक सीझनचा सामनानिहाय सहभागाचा तक्ता, कम्प्लायन्सचे सगळे ईमेल, माफीचा अर्ज आणि नकार, वैद्यकीय नोंदी, कोचचं पत्र आणि पुढच्या अभ्यासक्रमाचं प्रवेशपत्र हे लागतंच. शेवटचा कागद लोक विसरतात. पदवी मेमध्ये पूर्ण होत असेल तर पुढच्या वर्षी खेळायला मुलगा कुठल्या तरी अभ्यासक्रमात पूर्णवेळ नोंदलेला असावा लागतो, म्हणजे मास्टर्सचा प्रवेश आणि नवा आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) हुकमाआधीच हातात हवा.

खर्चाबद्दल: हा दावा एका वकिलाच्या नोटिशीने होत नाही. अर्थतज्ज्ञ लागतो, तातडीच्या सुनावण्या असतात, अपील आलं की दुसरं बिल. फुटबॉलमध्ये हा भार कधी एनआयएलशी संबंधित मंडळी उचलतात, कधी वकील एकसारख्या अनेक खेळाडूंचे दावे हाताळून खर्च वाटतो. टेनिसमध्ये तो पालकांवर येतो. हुकूम नावापुरताच, म्हणजे ज्याने दावा लावला त्यालाच मिळतो. दुसऱ्या कुणाच्या विजयावर बसून तुमच्या मुलाला खेळता येत नाही, एनसीएएने स्वतः सरसकट माफी दिल्याशिवाय. अशी माफी किंवा नियमबदल जाहीर झालाच, तर मथळ्यावर न जाता त्यातली तारीख आणि 'ज्यांची पात्रता आधीच संपली' त्यांच्याबद्दलचं वाक्य शोधा. पाच वर्षांत पाच सीझन द्यावेत ही चर्चा २०२५पासून चालू आहे, पण तसं झालं तरी ज्याचं घड्याळच संपलं त्याला पाचवा सीझन आपोआप मिळत नाही.

तेव्हा या मुलाबाबत मी असं करेन. आठवड्याभरात कम्प्लायन्सकडून तो लेखी हिशेब मागवा. त्यात पुण्याचं वर्ष पूर्णवेळ धरलं आहे का, आणि ते खरोखर पूर्णवेळ होतं का, हे पहिलं तपासा. प्रवेश घेऊन वर्ग सुरू होण्याआधीच रद्द केला असेल, किंवा नोंदणी बाह्य विद्यार्थी म्हणून असेल, तर विद्यापीठाचं तसं पत्र आणून तारखेची दुरुस्ती मागता येते. घड्याळ एक वर्षाने पुढे सरकलं तर सगळं चित्र बदलतं: उरतो फक्त सीझनचा प्रश्न, आणि त्यावर जूकोचा मुद्दा थेट लागू पडतो. तेव्हा पाव्हियाच्या धर्तीवर वकिलाशी बोलण्यात अर्थ आहे. घड्याळ खरंच ऑगस्ट २०२१ला सुरू झालं असेल, तर फेडरल दाव्याच्या नादी लागू नका.

आणि हे सगळं चालू असताना ओपीटीची खिडकी निघून जाऊ देऊ नका. पदवीनंतरच्या या कामाच्या परवान्यासाठी अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंतच करता येतो. टेनिसच्या एका वर्षासाठी सरळ मास्टर्सला गेलं की बॅचलर्सच्या पातळीवरचं न वापरलेलं ओपीटी गेलं. मास्टर्सनंतर नवं मिळतं, पण त्यासाठी ते मास्टर्स पूर्ण करावं लागतं, निव्वळ एक सीझन खेळून सोडून चालत नाही. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात भेटीची वेळ कम्प्लायन्सचं उत्तर येण्याची वाट न पाहता घ्या.